ग्रामसभेचा विरोध असताना गाव महापालिकेत जाऊ शकतं का?

प्रश्न असा आला आहे: गाव शहराला लागून आहे, महापालिकेच्या हद्दवाढीत ते जाणार अशी चर्चा आहे, ग्रामसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला आहे. तरीही 'शासन घेणारच' असं सगळे म्हणतात. ठराव असताना असं होऊ शकतं का, ठरवतं कोण, आणि गावाच्या हातात नेमकं काय उरतं?

आधी सरळ उत्तर. होऊ शकतं. ग्रामसभेच्या ठरावाने हद्दवाढ कायद्याने अडत नाही. पण हद्दवाढीच्या फायली पालिकेच्या बाजूने आणि पुढे गावांच्या बाजूनेही हाताळल्यावर माझं मत असं झालं आहे की गावं ठरावावर आणि 'गाव बंद'वर सगळी ताकद घालवतात आणि जिथे त्यांचं म्हणणं खरोखर नोंदलं जातं ते हरकती देण्याचे तीस दिवस तसेच जाऊ देतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

अधिकार राज्य शासनाचा, म्हणजे व्यवहारात नगरविकास विभागाचा. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-थ मध्ये शहरी भागाचे तीन प्रकार सांगितले आहेत: नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका. कोणता भाग कशात घालायचा हे लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाचं उत्पन्न, बिगरशेती रोजगाराचं प्रमाण आणि आर्थिक महत्त्व पाहून राज्यपालांनी, म्हणजे शासनाने, अधिसूचनेद्वारे ठरवायचं. महापालिकेच्या हद्दीत बदल करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं (जुनं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) कलम ३ लागतं. नगरपरिषदेचं प्रकरण १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालतं. तिथे उद्घोषणा निघते, किमान तीस दिवसांची मुदत असते आणि हरकती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे जातात. तुमचं प्रकरण महापालिकेचं आहे, म्हणून कलम ३ धरूनच बोलू.

या कलमात शासनाला दोनच मोठ्या अटी आहेत. एक, हद्द बदलण्याआधी त्या महापालिकेशी विचारविनिमय करायचा. दोन, अंतिम अधिसूचनेआधी प्रारूप, म्हणजे तिचा कच्चा मसुदा, प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवायच्या आणि त्यांचा विचार करायचा. ग्रामपंचायतीची संमती ही अट त्यात कुठेही नाही. गंमत पाहा, एका ग्रामपंचायतीतून दुसरी वेगळी काढायची असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ खाली पंचायतीला विचारावं लागतं. पंचायतच संपणार असते तेव्हा मात्र तिचं मत म्हणजे आलेल्या हरकतींपैकी एक हरकत. मला हे पटत नाही, पण कायदा आज असा आहे.

न्यायालयाचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. याची दोन्ही टोकं कल्याणमध्येच सापडतात. कल्याण महापालिका १९८३ मध्ये झाली. प्रारूपात उल्हासनगरही होतं, अंतिम अधिसूचनेत ते वगळलं गेलं. त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९ मध्ये निकाल लागला. शहराच्या हद्दी ठरवणं हे कायदा करण्याच्या जातीचं काम आहे. कायद्याने जे टप्पे सांगितले आहेत ते पाळले की पुरे, त्यापलीकडे प्रत्येकाला ऐकून घेण्याची किंवा कारणं देण्याची सक्ती शासनावर नाही, असं न्यायालयाने म्हटलं. 'आमचं गाव शेतीचं आहे, आम्हाला शहर नको' एवढ्यावर उभी केलेली याचिका बहुतेक वेळा का पडते ते यातून कळावं.

दुसरं टोक सत्तावीस गावांचं. ही गावं १९८३ला कल्याणमध्ये आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. जून २०२० मध्ये त्यातली अठरा परत वगळून वेगळी नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण महापालिकेशी कायद्याला अपेक्षित असलेला विचारविनिमय झालाच नव्हता. गावं आत असावीत की बाहेर यात न्यायालय शिरलं नाही. राहून गेलेला टप्पा त्याने पाहिला आणि अख्खी अधिसूचना कोसळली. तेव्हा वकिलाकडे जाताना भावना घरी ठेवा आणि तारखांचा तक्ता घेऊन जा: महापालिकेचा ठराव कधीचा, प्रारूप राजपत्रात कधी आलं, मुदत कधी संपली, सुनावणी झाली का, अहवाल केव्हा गेला.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगतो. कागदोपत्री सुरुवात महापालिकेच्या प्रस्तावाने होते. खरी सुरुवात त्याच्या बरीच आधी झालेली असते. शहराच्या शिवेवर इमारती उभ्या राहतात, त्यांचं सांडपाणी शहरातल्या नाल्यात येतं, पाणी टँकरने येतं, रस्ते शहराचे वापरले जातात आणि कर ग्रामपंचायतीला जातो. मग कुणी नगरसेवक, कुणी आमदार, कधी बिल्डर मंडळी हद्दवाढीचा विषय लावून धरतात. प्रशासन प्रस्ताव तयार करतं. त्यात गावनिहाय क्षेत्रफळ, लोकसंख्या, मिळकतींची संख्या, अपेक्षित उत्पन्न आणि सेवा द्यायला लागणारा खर्च असतो. या खर्चाच्या रकान्यावर तुमची नजर हवी. तो जवळजवळ नेहमीच कमी दाखवलेला असतो, कारण खरा आकडा दाखवला तर मुख्य सभाच, म्हणजे नगरसेवकांचं सभागृहच, घाबरेल. हा प्रस्ताव माहिती अधिकारात मिळतो. मागून घ्या.

मुख्य सभेने ठराव केला की प्रस्ताव मंत्रालयात जातो. सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसलेले असतील तर ठराव प्रशासकांचाच. तो कायदेशीर असतो, पण लोकांनी निवडून दिलेलं कुणीही त्या चर्चेत नसतं. मंत्रालयात फाईल किती काळ राहील याला काही नियम नाही. पुण्याचं उदाहरण घ्या. चौतीस गावांचं प्रारूप २०१४ मध्ये निघालं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यातली अकराच गावं आत आली. उरलेल्या तेवीस गावांसाठी २३ डिसेंबर २०२० रोजी नवं प्रारूप काढावं लागलं. ती ३० जून २०२१ रोजी समाविष्ट झाली आणि महापालिकेचं क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झालं. म्हणजे पहिली फेरी तीन वर्षांची, दुसरी सहा महिन्यांची. फरक कायद्याचा नाही, सरकारच्या इच्छेचा.

इच्छा नसेल तर काय होतं ते कोल्हापूरला दिसतं. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हाचीच हद्द, ६६.८२ चौरस किलोमीटर. प्रस्ताव गेले, आंदोलनं दोन्ही बाजूंनी झाली, शेवटी २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी आसपासची बेचाळीस गावं घेऊन विकास प्राधिकरण नेमलं गेलं. गावांचा विरोध तिथे इतकी वर्षं टिकला तो ठरावांच्या बळावर नाही, तर त्या गावांची मतं ज्यांना हवी होती त्यांच्या बळावर. उलट सोलापूर पाहा. १९९२च्या हद्दवाढीने शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरवर गेलं आणि तिथले लोक आजही 'हद्दवाढ भाग' असंच त्या वस्त्यांना म्हणतात. तीस वर्षांहून जास्त काळ आत असूनही आपण नंतर आलेले, ही जाणीव तिथे पुसली गेलेली नाही. रस्ते आणि ड्रेनेज वेळेत पोहोचलं असतं तर ते नावही एव्हाना गेलं असतं असं मला वाटतं.

प्रारूप अधिसूचनेकडे आता नीट पाहा, कारण तुमची संधी ती. राजपत्रात ती दोन-चार पानांची असते. वरचा मजकूर ठरलेला, त्याखाली अनुसूची. अनुसूचीत गावांची नावं आणि चतुःसीमा: उत्तरेस मौजे अमुकची शीव, पूर्वेस तमुक गट नंबरांची पश्चिम हद्द, दक्षिणेस नाला, अशी. बहुतेक लोक आपल्या गावाचं नाव दिसलं की वाचायचं थांबवतात. खरं वाचायचं ते इथून पुढे. पूर्ण गाव घेतलंय की काही गट नंबर? नाला म्हटलंय तर नाल्याचा कुठला काठ? रस्ता हद्दीत की हद्दीबाहेर? आधीच्या एखाद्या हद्दवाढीत गावाचा तुकडा शहरात गेला असेल तर उरलेल्या भागाचं काय? पुण्याच्या २०१७च्या यादीत 'लोहगाव (उर्वरित)' असं नाव होतं, ते अशाच अर्ध्या राहिलेल्या गावाचं. गाव अर्धं आत, अर्धं बाहेर राहणं ही सगळ्यात वाईट अवस्था. एकाच गल्लीत डाव्या हाताला महापालिकेचा दिवा आणि उजव्या हाताला ग्रामपंचायतीचा. कचरा कुणी उचलायचा यावर दोन्हीकडे टोलवाटोलवी.

तलाठ्याकडून गाव नकाशा घ्या आणि अनुसूची हातात धरून पेन्सिलीने हद्द त्यावर ओढून पाहा. रेषा कुठे तुटते, कुठे दोन रेषा एकमेकींवर येतात ते लगेच दिसतं. या कामाला एक दुपार लागते, आणि यातून निघालेली हरकत अधिकाऱ्याला बाजूला ठेवता येत नाही. 'समस्त ग्रामस्थांचा तीव्र विरोध आहे' अशा छापील पाचशे अर्जांचा मात्र अहवालात एकच परिच्छेद होतो: 'अशा आशयाचे पाचशे अर्ज प्राप्त.' असे गठ्ठे मी पाहिले आहेत, त्यांची मोजणी होते, वाचन होत नाही. त्याऐवजी वीस वेगवेगळ्या हरकती द्या, प्रत्येकीत एकच मुद्दा. अमुक गट नंबर शहराच्या हद्दीला सलग नाहीत. शेतीवर जगणारी कुटुंबं इतकी, हा जनगणनेचा आकडा. पाणीपुरवठा योजनेवर कर्ज इतकं, ते कोण फेडणार? हरकत मुदतीत द्या, शिक्क्यासह पोच घ्या आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा. सुनावणी साधारणतः विभागीय आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी घेतात आणि शासनाला अहवाल पाठवतात. पुढे कधी न्यायालयात जायची वेळ आली तर ही पोच तुमच्या कामी येईल.

वेळेचा एक मुद्दा बरेच जण विसरतात. जनगणनेआधी प्रशासकीय हद्दी गोठवल्या जातात, म्हणजे गाव, तालुका, नगरपालिका यांच्या सीमांना मोजणी होईपर्यंत हात लावायचा नाही. २०२७च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ठरली आणि मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. अशा काळात प्रस्ताव फिरतील, ठराव होतील, भाषणंही होतील, पण हद्द बदलणारी अंतिम अधिसूचना निघणं अवघड. तसंच स्थानिक संस्थांची सार्वत्रिक निवडणूक सहा महिन्यांवर आली की राज्य निवडणूक आयोग हद्दी बदलायला विरोध करतो, कारण प्रभागरचना आणि मतदारयाद्या दोन्ही विस्कटतात. 'पुढच्या महिन्यात गाव आत' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर आधी या दोन तारखा तपासा.

अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते. सरपंच, सदस्य यांची पदं जातात, पंचायतीच्या मिळकती आणि देणी महापालिकेकडे वर्ग होतात. पंचायतीचे कर्मचारीही जातात, आणि इथेच एक नेहमीचा गैरप्रकार घडतो. समावेशाची कुणकुण लागली की मागच्या तारखेने भरती केली जाते. मग चौकशी लागते आणि दहा वर्षं इमानेइतबारे पाणी सोडणारा माणूसही त्या बनावट यादीच्या फेऱ्यात अडकतो. खऱ्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचे ठराव, पगारपत्रकं आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद आधीच वेगळे काढून ठेवा.

काय बदलत नाही तेही सांगतो, कारण याबद्दल अफवा फार. महसुली गाव राहतं. सातबारा लगेच बंद होत नाही, नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका तयार होईपर्यंत तोच चालतो. जमिनीची मालकी कुणाचीही जात नाही. जमिनीचा वापर मात्र बदलू शकतो, आणि हद्दवाढीतला सगळ्यात मोठा पैसा तिथेच असतो. नवीन भागासाठी महापालिकेने प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३४ खाली विकास योजना करायची असते. ती येईपर्यंत प्रादेशिक योजनेतले झोन लागू राहतात. ती आली की कुणाच्या शेतावर निवासी रंग येतो आणि कुणाच्या शेतावर शाळेचं, बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण. आणि योजना महापालिकाच करेल असंही धरून चालू नका. पुण्यात तेवीस गावं महापालिकेत आली, पण त्यांच्या विकास योजनेसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून २०२१ मध्ये पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) नेमणूक झाली. कचरा एकाकडे, नकाशा दुसऱ्याकडे. हद्दवाढीला तुमचा विरोध असो वा पाठिंबा, नियोजन कोण करणार हा प्रश्न हरकतीत विचाराच.

कराबद्दल लोक सर्वात आधी विचारतात. नव्याने आलेल्या भागात शहराचा पूर्ण मालमत्ता कर पहिल्या दिवसापासून लावायचा नसतो. आधी ग्रामपंचायतीचा दर, मग वर्षागणिक टप्प्याने वाढ, अशी तरतूद महापालिका अधिनियमातच आहे. भांडण होतं ते दरापेक्षा मूल्यांकनावर आणि थकबाकीवर: गोठा, शेड, अर्धवट बांधकाम, नोंद नसलेला मजला. शिवाय ग्रामीण योजना बंद होतात. ग्रामीण घरकुल, रोजगार हमी यांचे दरवाजे मिटतात. रेशनच्या प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा मात्र ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार, तेव्हा तिथे काहींचा फायदाही होतो. हा हिशेब घराघरावर वेगळा निघतो. महामार्गाला लागून दोन गुंठे असलेला आणि कोरडवाहू तीन एकरवाला एकाच ग्रामसभेत हात वर करतात, पण दोघांचं हित एक नसतं. तुमच्या एकमताच्या ठरावामागे तसं काही दडलंय का ते तुम्हालाच ठाऊक.

आणि 'आत गेलो तर काही वर्षांनी बाहेर पडू' या भरवशावर राहू नका. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ला पुण्यात आली. मुख्यतः वाढलेल्या कराच्या नाराजीतून ती वगळण्याची मागणी झाली, डिसेंबर २०२२ मध्ये तशी घोषणा झाली, प्रारूप मार्च २०२३ मध्ये आणि अंतिम अधिसूचना सप्टेंबर २०२४ मध्ये निघाली. दोन गावांची वेगळी नगरपरिषद झाली. मधल्या काळात महापालिकेने तिथे नगररचना योजना आखल्या होत्या, पाण्यावर पैसा खर्च झाला होता. बाहेर पडायचं म्हणून पुन्हा ग्रामपंचायत मिळाली नाही, हेही लक्षात घ्या. माझ्या मते गाव आत घेणं चालेल, बाहेर ठेवणंही चालेल, पण घेऊन काढणं हा सर्वात महागडा प्रकार आहे. सत्तावीस गावांतला जो कुणी चार वेळा कार्यालय बदलत दाखले गोळा करत फिरला असेल त्याला हे जास्त चांगलं सांगता येईल.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर विरोधाच्या ठरावाबरोबरच दुसरा एक ठराव केला असता: समावेश झालाच तर आमच्या अटी काय. पाण्याची लाईन किती काळात, कर्मचाऱ्यांची यादी कोणती ग्राह्य, गायरानाचं काय करणार, जिल्हा परिषदेची शाळा कुणाकडे, दाखल्यांसाठी गावातच क्षेत्रीय कार्यालयाचं केंद्र राहणार का. यामुळे विरोध कमकुवत होतो असं कृती समित्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. अटी लेखी असल्या की सुनावणीत अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर फाईलवर राहतं.

एक काम तर आजच करा, प्रारूपाची वाट न पाहता. घराचा नमुना आठचा उतारा (ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतला), गेल्या काही वर्षांच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, बांधकाम परवानगी असेल तर ती, यांच्या ग्रामसेवकाच्या सहीशिक्क्याच्या प्रती काढून घ्या. अधिसूचना निघाल्यावर पंचायतीचं दप्तर पोत्यांत भरून महापालिकेच्या कुठल्यातरी गोदामात जातं, आणि तुमच्या घराची नोंद किती सालची आहे हे दाखवायची वेळ आली की ते पोतं सापडत नाही.